जगातली सर्वांत जुनी राज्यघटना कोणती? तारीख ठरवण्याची आणि तुलना करण्याची रीत

‘मॅडम, एका गाइडमध्ये सान मारिनो दिलंय, दुसऱ्यात अमेरिका. गोल कुठला काळा करू?’ नवी बॅच सुरू झाली की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न येतो. मी लगेच उत्तर देत नाही, आधी वही काढायला लावते. १६००, १७८०, १७८७, १७८९, १८१४ ही सगळी वर्षं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यातलं एक पाठ करून बाकीची चूक ठरवली, की त्या त्या देशाच्या लोकांनी काय केलं, कशासाठी भांडले, काय टिकवलं, हे आपल्या हातून निसटतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

खालची रीत मी वर्गात वापरते. परीक्षेसाठी, प्रश्नमंजूषेसाठी, लेखासाठी किंवा विकिपीडियावरच्या नोंदीसाठी ती चालते. सोबत एक वही हवी आणि त्या देशाच्या घटनेचा अधिकृत मजकूर हवा. बहुतेक देशांच्या संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतर मिळतं.

पायरी १: प्रश्नातल्या अटी सुट्या करा

‘सर्वांत जुनी राज्यघटना’ म्हणताना किमान पाच अटी मनात असतात: लिखित हवी का, एकाच दस्तऐवजात हवी का, राष्ट्राची हवी का, आज लागू हवी का, आणि मधे खंड न पडता लागू हवी का. या पाच अटी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि एकेक अट काढून बघा. दर वेळी उत्तर बदलतं.

‘लिखित’ ही अट काढली तर उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशोनी, म्हणजे इरोक्वाय लोकांचा ‘महान शांतिनियम’ पुढे येतो. शिंपल्यांपासून केलेल्या मण्यांच्या पट्ट्यांवर खुणा ठेवून तो पिढ्यान् पिढ्या तोंडी सांगितला गेला. परंपरेतल्या सूर्यग्रहणाच्या उल्लेखावरून काही अभ्यासक तो ११४२ चा मानतात, तर काही पंधराव्या शतकातला. तीनशे वर्षांची तफावत! पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याची कुरुकान फुगा सनद १२३६ ची सांगतात, तीही परंपरेने इतिहास गाणाऱ्या घराण्यांच्या मुखातून आलेली. अशा नोंदींपुढे नुसतं वर्ष लिहू नका, ‘परंपरेनुसार’ हा शब्द जोडा. त्याने त्यांचं मोल कमी होत नाही. त्यांचं वय मोजायची पट्टी वेगळी आहे, एवढंच.

‘एकाच दस्तऐवजात’ काढली की ब्रिटन येतं. तिथली घटना कायदे, निवाडे आणि संकेत यांत विखुरलेली आहे. लोक सर्रास मॅग्ना कार्टाचं १२१५ हे वर्ष सांगतात. पण १५ जून १२१५ ची ती सनद पोप तिसऱ्या इनोसंटने दोन-अडीच महिन्यांतच रद्द ठरवली होती. ती १२१६, १२१७ आणि १२२५ मध्ये पुन्हा काढली गेली, आणि ब्रिटनच्या कायदेसंग्रहात आज जी मोजकी कलमं शिल्लक आहेत ती १२९७ च्या प्रतीची आहेत. म्हणजे १२१५ ही स्मरणाची तारीख झाली, कायद्याची नव्हे.

‘राष्ट्राची’ काढली की मॅसॅच्युसेट्स. जॉन ॲडम्स यांनी मुख्यतः लिहिलेली तिथली घटना २५ ऑक्टोबर १७८० ला लागू झाली आणि आजही चालू आहे. पण ते अमेरिकेतलं एक राज्य आहे.

‘आज लागू’ काढली तर रांगच लागते. स्वीडनचा शासनविषयक कायदा १६३४ चा, इंग्लंडात राजेशाही हटवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळातला तसाच दस्तऐवज १६५३ चा, पास्कुआले पाओली या नेत्याची कॉर्सिका बेटावरची घटना १७५५ ची, पोलंडची ३ मे १७९१ ची. पोलंडची घटना दोन वर्षंही टिकली नाही, तरी तिथे ३ मे हा राष्ट्रीय सण आहे. फ्रान्सची पहिली घटना तिच्यानंतर बरोबर चार महिन्यांनी, ३ सप्टेंबर १७९१ ला आली.

इथेच आणखी एक काळजी घ्या. नावात ‘घटना’ नाही म्हणून दस्तऐवज वगळू नका. जर्मनीचा तो ‘मूलभूत कायदा’ आहे. कॅनडाचा १८६७ चा दस्तऐवज ११५ वर्षं ‘ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायदा’ या नावाने ओळखला जात होता, १९८२ मध्ये त्याचं नाव बदलून घटना कायदा झालं. नाव १९८२ चं आणि मजकूर १८६७ चा.

पायरी २: घटना मागून वाचा

आपल्याला उद्देशिका पाठ असते, शेवटची कलमं कुणी उघडत नाही. वय शोधायचं असेल तर सुरुवात तिथूनच करा. कधीपासून लागू, जुनं काय रद्द, तात्पुरत्या तरतुदी कोणत्या, हे बहुधा शेवटी असतं.

जपानचं शंभरावं कलम सांगतं की प्रसिद्धीनंतर सहा महिने पुरे झाले की घटना लागू होईल. प्रसिद्धी ३ नोव्हेंबर १९४६, म्हणून अंमल ३ मे १९४७. जर्मनीचं १४५ वं कलम त्याहून बारीक आहे: ज्या दिवशी प्रसिद्ध होईल तो दिवस संपताना लागू. प्रसिद्धी २३ मे १९४९ ची, त्यामुळे अंमलाचा पहिला पूर्ण दिवस २४ मे. अमेरिकेच्या सातव्या आणि शेवटच्या अनुच्छेदात नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी असल्याचं लिहिलंय.

आपल्या संविधानात यासाठी दोन कलमं आहेत, ३९४ आणि ३९५. ती पुढच्या पायरीत उलगडू.

पायरी ३: तारखांची उतरंड मांडा

घटनेला जन्मतारीख एक नसते. मसुदा, स्वीकार, सही, मंजुरी, अंमल, आणि त्या घटनेखाली पहिलं सरकार बसणं, अशा किमान सहा तारखा असतात. प्रत्येक देशासाठी हे सहा रकाने आखा. सगळे भरले नाहीत तरी चालेल, पण एका रकान्यातली तारीख दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

घरचंच उदाहरण घ्या. बालभारतीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडा. उद्देशिकेत ‘सव्वीस नोव्हेंबर, १९४९’ ही तारीख आहे आणि तिच्याजवळ ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ हे शब्द आहेत. लहानपणी आपण ते एका दमात म्हणून टाकले, पण तारखेचा अर्थ त्याच शब्दांत आहे: ही स्वीकाराची तारीख. संविधान सभेच्या सदस्यांच्या सह्या झाल्या २४ जानेवारी १९५० ला. अंमल २६ जानेवारी १९५० ला. आता कलम ३९४ बघा. नागरिकत्वाची पाच ते नऊ ही कलमं, निवडणूक आयोगाचं ३२४ वं आणि इतर काही कलमं ‘तात्काळ’ लागू झाली, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच. म्हणून संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं हे वाक्य बरोबर आहे, पण सगळंच्या सगळं त्या दिवशी लागू झालं हे बरोबर नाही. प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी नागरिक कोण हे आधीच ठरलेलं असायला हवं होतं. त्या दोन महिन्यांत केवढा विचार भरलाय! कलम ३९५ ने १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा रद्द केला. जुनं दार कधी बंद झालं तेही असं शेवटच्या ओळीत सापडतं.

अमेरिकेच्या रकान्यांत तर चार वर्षं येतात. फिलाडेल्फियात ३९ जणांनी सही केली १७ सप्टेंबर १७८७ ला. नवव्या राज्याची, न्यू हॅम्पशायरची मंजुरी २१ जून १७८८ ला आली आणि सातव्या अनुच्छेदाची अट पुरी झाली. नवं सरकार ४ मार्च १७८९ ला सुरू झालं, वॉशिंग्टन यांची शपथ ३० एप्रिलला झाली. तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड ही दोन राज्यं बाहेरच होती. ऱ्होड आयलंडची मंजुरी २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी मिळाली. दोन मतांचा फरक!

यातली अंमलाची तारीख कोणती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनियाच्या १७८८ च्या एका कायद्यामुळे जमिनीचं प्रकरण उभं राहिलं. करारांना संरक्षण देणारं घटनेतलं कलम त्या कायद्याला लागू होतं का? १८२० च्या ओइंग्ज विरुद्ध स्पीड खटल्यात न्यायालय म्हणालं, नाही, कारण घटना चालू झाली ती मार्च १७८९ च्या पहिल्या बुधवारी, म्हणजे ४ मार्चला. विद्यार्थ्यांना मी हा खटला आवर्जून सांगते. तारखेच्या एका रकान्यावर कुणाची तरी जमीन अवलंबून होती.

पायरी ४: पंचांग तपासा

सतराव्या-अठराव्या शतकातल्या दस्तऐवजांना ही पायरी लागतेच. इंग्लंडचा हक्कांचा कायदा काही पुस्तकांत १६८८ चा, काहींत १६८९ चा दिसतो. दोन्ही छापणारे बेफिकीर नसतात. त्या कायद्याला राजसंमती मिळाली १६ डिसेंबर १६८९ ला. पण तो करणाऱ्या पार्लमेंटची सुरुवात १३ फेब्रुवारीची धरतात, आणि तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे तो फेब्रुवारी जुन्या गणनेत १६८८ मध्येच पडतो. ब्रिटनच्या अधिकृत कायदेसंग्रहात तो कायदा आजही १६८८ च्या खात्यावर आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट वसाहतीचा मूलभूत आदेश १६३८ की १६३९, हा घोळही तसाच जानेवारीमुळे झाला.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. आपला शक पाडव्याला बदलतो. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजयंतीची तिथी इसवी सनात नेताना ७८ मिळवले तर १६२९ येतं, पण फाल्गुन वर्षाच्या शेवटी असल्यामुळे खरं वर्ष १६३० आहे. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो. इंग्लंडने ही आजची पद्धत १७५२ मध्ये घेतली. तेव्हा वहीत त्याआधीच्या इंग्रजी तारखेपुढे ‘जुनी’ असा छोटा शेरा मारा, आणि दोन देशांच्या तारखा शेजारी ठेवण्याआधी त्या एका पद्धतीत आणा.

सणाच्या तारखांनीही गफलत होते. डेन्मार्कची पहिली घटना ५ जून १८४९ ची आणि आजची ५ जून १९५३ ची. मेक्सिकोची एक ५ फेब्रुवारी १८५७ ची, आजची ५ फेब्रुवारी १९१७ ची. दिवस तोच दिसला की घटनाही तीच असं समजू नका.

पायरी ५: खंड पडला का?

‘एकूण किती वर्षं’ आणि ‘सलग किती वर्षं’ असे दोन वेगळे रकाने हवेत. हे का, ते पोर्तुगालच्या घटनांवरून नीट कळतं, आणि ते उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. पोर्तुगालची पहिली घटना २३ सप्टेंबर १८२२ ची. त्याच सुमारास गोव्यातूनही लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले, त्यात बर्नार्दो पेरेस दा सिल्व्हा हे गोमंतकीय होते. ती घटना १८२३ मध्ये गेली, १८३६ मध्ये परत आली, १८३८ मध्ये पुन्हा गेली. मधे १८२६ ची राजाने दिलेली सनद होती. ती १८२६ ते १८२८, मग १८३४ ते १८३६, मग १८४२ ते १९१० अशी तीन तुकड्यांत चालली. जन्म १८२६, शेवट १९१०, म्हणून आयुष्य ८४ वर्षं, असं कुणी लिहिलं तर बारा वर्षं जास्त धरली गेली. त्यानंतर १९११ ची, मग १९३३ ची.

पणजीतल्या एखाद्या जुन्या घराच्या दृष्टीने पुढचा टप्पा पोर्तुगालच्या १९७६ च्या घटनेचा नाहीच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि भारतीय संविधानाच्या १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण, दीव यांना २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे मागच्या तारखेपासून, संघराज्य क्षेत्रांच्या यादीत घेतलं. एकाच संविधानाचं वय मुंबईत आणि मडगावात अकरा वर्षांहून जास्त फरकाने मोजावं लागतं. म्हणून वहीत ‘कुठे लागू’ हा रकाना मी वाढवला आहे.

अर्जेंटिनाची घटना १८५३ ची. १९४९ मध्ये अध्यक्ष पेरॉन यांच्या काळात तिच्या जागी दुसरी आली, १९५६ मध्ये लष्करी सरकारने ती हटवून १८५३ ची परत आणली, १९९४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. इथे ‘१८५३ पासून’ लिहायचं झालं तर ‘मधली सात वर्षं सोडून’ हे शब्द हवेत. नॉर्वेचं प्रकरण वेगळं आहे. १९४० ते ४५ देश जर्मनांच्या ताब्यात होता, पण राजा आणि सरकार लंडनमधून काम करत होते आणि घटना कुणी कायदेशीर मार्गाने रद्द केली नव्हती. हा खंड मी धरत नाही. परकी फौज शिरली म्हणून घटना मेली असं मानलं, तर त्या लोकांनी जे जपलं त्यावर आपणच पाणी सोडतो.

पायरी ६: किती जुनं उरलंय ते बघा

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. एका पिढीने तुळया बदलल्या, दुसरीने कौलं काढून स्लॅब टाकला, तिसरीने दिंडीदरवाजा रस्तारुंदीत दिला. जोतं तेच. हा वाडा पणजोबांचाच ना? घटनांच्या बाबतीत प्रत्येक देश याचं उत्तर निराळं देतो, आणि तुलना इथेच सर्वांत जास्त फसते.

नॉर्वेची नोंद माझ्या वहीत अशी आहे. आइड्सव्होल, ११२ प्रतिनिधी. स्वीकार १६ मे १८१४, सही १७ मे. पहिला मोठा बदल ४ नोव्हेंबर १८१४ ला, स्वीडनशी संयोग झाला म्हणून. तो संयोग १९०५ मध्ये सुटला. मूळच्या दुसऱ्या कलमात ज्यूंना देशात यायला बंदी होती, ती १८५१ मध्ये उठली. जेझुइट धर्मगुरूंवरची बंदी १९५६ पर्यंत होती. मे २०१४ मध्ये दोनशे वर्षं होताना सगळा मजकूर आजच्या भाषेत, नॉर्वेजियनच्या दोन्ही लिखित रूपांत नव्याने मंजूर झाला आणि मानवी हक्कांचं प्रकरण आलं. तरी ही १८१४ चीच घटना, कारण सगळे बदल तिच्याच दुरुस्ती कलमातून झाले. १२१ वं कलम (२०१४ आधी ते ११२ वं होतं) तर बजावतं की दुरुस्तीने घटनेच्या मूळ तत्त्वांना धक्का लागता कामा नये. संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारती खटल्याचा १९७३ चा निवाडा शिकलेल्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल.

नेदरलँड्सच्या घटनेपुढे कुणी १८१४ लिहितं, कुणी १८१५, कुणी १८४८, कुणी १९८३. १८१५ मध्ये बेल्जियम जोडल्यावर नवा मजकूर झाला, १८४८ मध्ये सत्ता राजाकडून मंत्र्यांकडे सरकली, १९८३ मध्ये जवळजवळ सगळं पुन्हा लिहिलं गेलं. बेल्जियमची घटना ७ फेब्रुवारी १८३१ ची, पण १९९४ मध्ये कलमांना नवे क्रमांक मिळाले. जुन्या पुस्तकातला कलम क्रमांक आजच्या प्रतीत शोधायला जाऊ नका, वेगळंच काहीतरी सापडेल. स्वित्झर्लंडने १८४८, १८७४ आणि १९९९ असे तीन वेळा पूर्ण मजकूर बदलले आणि तिन्ही स्वतंत्र घटना म्हणून मोजल्या जातात. डचांनी १९८३ मध्ये जे केलं ते स्विसांच्या १९९९ पेक्षा फार लहान नव्हतं, तरी एकाचं वय दोनशेच्या पुढे आणि दुसऱ्याचं पंचविशीच्या आसपास मोजलं जातं.

जपानने उलटं केलं. १९४७ ची घटना आत्म्याने पूर्ण नवी, पण कागदोपत्री ती मेजी काळातल्या १८८९ च्या घटनेची दुरुस्ती म्हणून, तिच्याच ७३ व्या कलमाखाली मंजूर झाली. केवळ कार्यपद्धतीवर बोट ठेवलं तर जपानची घटना १८८९ ची ठरेल. तसं कुणी मानत नाही, आणि मानू नये, कारण सार्वभौमत्व सम्राटाकडून लोकांकडे गेलं. तिथपासून मात्र तिच्यात एकही दुरुस्ती झालेली नाही. ‘सर्वांत जुना न बदललेला मजकूर’ असा प्रश्न आला तर आधी टोकियोकडे बघा.

दुरुस्ती कुठे छापतात याचाही परिणाम होतो. अमेरिकेत दुरुस्त्या मूळ मजकुराच्या मागे जोडतात. घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांना त्या मजकुरात विणायच्या होत्या, पण त्यांचे सहकारी प्रतिनिधी रॉजर शर्मन यांचं मत टिकलं. म्हणून राज्याचे प्रतिनिधी किती हे ठरवताना गुलामांना तीन पंचमांश मोजणारी ओळ पहिल्या अनुच्छेदात आजही छापलेली दिसते, आणि ती निकामी करणारी चौदावी दुरुस्ती कितीतरी पुढे. आपल्याकडे दुरुस्ती मजकुरातच बसते. कलम ३१ चं पान उघडा: मालमत्तेच्या हक्काच्या जागी ‘निरसित’ एवढंच दिसतं आणि तळटीपेत चव्वेचाळिसावी दुरुस्ती. त्यामुळे अमेरिकेची घटना जुनी वाटते आणि आपली सतत ताजी वाटते. हा छपाईचा भास आहे, त्यावरून वय ठरवू नका.

आणि एक सावधगिरी. स्वीडनची १८०९ ची घटना १९७४ अखेरपर्यंत टिकली. तिचं चौथं कलम शेवटपर्यंत म्हणत होतं की राज्य एकटा राजा चालवेल. प्रत्यक्षात १९१७ पासून संसदेच्या बहुमताचं सरकार होतं. मजकूर जिवंत दिसतो म्हणून व्यवहारही तोच असेल, असं गृहीत धरू नका.

पायरी ७: सान मारिनो आणि अमेरिका, शेजारी ठेवून

सान मारिनो हा इटलीने वेढलेला, सुमारे ६१ चौरस किलोमीटरचा देश. त्याची संहिता ८ ऑक्टोबर १६०० पासून लागू. भाषा लॅटिन, पुस्तकं सहा. पहिल्या पुस्तकात परिषदा, पदाधिकारी, त्यांची निवड आणि अधिकार. पुढच्यांत दिवाणी, फौजदारी, अपिलं, नुकसानभरपाई. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर घटना, दंडसंहिता आणि दिवाणी कायदा एका बासनात बांधलेले. सहा महिन्यांसाठी निवडलेले दोन कॅप्टन रीजंट तेव्हाही देशाचे प्रमुख होते. ही प्रथा १२४३ पासून नोंदलेली आहे आणि आजही दर १ एप्रिल व १ ऑक्टोबरला नवी जोडी सूत्रं घेते. १९७४ मध्ये नागरिकांचे हक्क आणि राज्यव्यवस्थेची मूलतत्त्वं सांगणारा जाहीरनामा कायद्याने आला, २००२ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली.

आता पायरी १ च्या पाच अटी लावा. लिखित? दोन्ही. राष्ट्राची? दोन्ही. आज लागू? दोन्ही, पण सान मारिनोच्या संहितेतला बराच भाग नंतरच्या कायद्यांनी मागे टाकला आहे. सलग? दोन्ही. सगळा वाद ‘एकाच दस्तऐवजात’ या अटीवर येऊन थांबतो. सान मारिनोची घटना आज १६०० ची संहिता, १९७४ चा जाहीरनामा आणि इतर कायदे मिळून बनते. अमेरिकेची घटना एका मजकुराची, सात अनुच्छेदांची आणि २७ दुरुस्त्यांची आहे, आणि मूलतः घटना म्हणूनच लिहिलेली आहे, इतर सर्व कायद्यांच्या वर.

माझा कल असा: राज्यकारभाराचे लिखित नियम सर्वांत दीर्घकाळ पाळणारं प्रजासत्ताक म्हणून मान सान मारिनोचा. ‘एका दस्तऐवजातली राष्ट्रीय घटना’ या आजच्या अर्थाने अमेरिकेची सर्वांत जुनी. लहान देश म्हणून सान मारिनोला तळटीपेत ढकलणारी पुस्तकं मला मुळीच पटत नाहीत.

पायरी ८: तुलनेला एकच माप लावा

एका देशाची सहीची तारीख आणि दुसऱ्याची अंमलाची तारीख घेऊन वजाबाकी करू नका. मी अंमल ते अंमल मोजते. अमेरिका ४ मार्च १७८९, नॉर्वे १७ मे १८१४: फरक २५ वर्षं. सही ते सही मोजला तर सुमारे २७. दोन्ही चालतील, पण कोणतं माप लावलं ते लिहा.

वयावरून दर्जा ठरवायचा मोहही टाळा. १७८९ पासूनच्या राष्ट्रीय घटनांचा एल्किन्स, गिन्सबर्ग आणि मेल्टन या अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा सरासरी आयुष्य १९ वर्षांच्या आसपास निघालं. त्या तुलनेत पंचाहत्तरी ओलांडलेलं आपलं संविधानही दीर्घायुषी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांपुढे हाच आक्षेप होता की यात नवं काय. त्यांनी सांगितलं की पहिली लिखित घटना होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, इतक्या उशिरा होणाऱ्या घटनेत नवं काही असलंच तर ते दोष काढण्यासाठी आणि देशाच्या गरजेनुसार केलेले बदल. तुलनेचा तक्ता भरताना हा रकाना ठेवा: आधीच्या घटनेतला कोणता दोष या घटनेने काढला?

पायरी ९: वाक्य लिहा आणि तारीख टाका

उत्तर एका वाक्यात द्यायचं असेल तर अटी वाक्यातच घाला. ‘आजही लागू असलेल्या, एकाच दस्तऐवजात लिहिलेल्या राष्ट्रीय घटनांमध्ये अमेरिकेची सर्वांत जुनी, अंमल ४ मार्च १७८९.’ किंवा ‘राज्यकारभाराची अजून लागू असलेली सर्वांत जुनी लिखित संहिता सान मारिनोची, ८ ऑक्टोबर १६००.’ परीक्षेत चारच पर्याय असतील तर प्रश्नातलं विशेषण शोधा. ‘लिखित राष्ट्रीय घटना’ म्हटलं असेल आणि पर्यायांत दोन्ही देश असतील, तर बहुतेक पाठ्यपुस्तकांचा रोख अमेरिकेकडे असतो. उत्तरसूची वेगळी निघाली तर हरकत घेताना वरच्या अटी मुद्देसूद मांडा.

नोंदीखाली आपण ती कधी तपासली ती तारीखही लिहा. लक्झेंबर्गच्या १८६८ च्या घटनेची चार दुरुस्ती कायद्यांनी जवळजवळ संपूर्ण फेररचना झाली आणि ती १ जुलै २०२३ ला लागू झाली. माझ्या जुन्या वहीत त्या ओळीवर ‘१८६८, सलग’ एवढंच होतं. ते मी खोडलं नाही. शेजारी नवी तारीख लिहिली, आणि ‘किती जुनं उरलंय’ या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.